न खाणारा मासा

कात्रपच्या आमच्या फ्लॅटमध्ये सुनेने खाऱ्या पाण्याची टाकी मांडली, तेव्हा मी म्हटलं, "समुद्र बघायचा तर समुद्रावर जा." ती हसली. तिला माझं बोलणं लागत नाही, म्हणून आमचं जमतं.

टाकीत दोनच मासे. प्रवाळात राहणारे, बोटाएवढे, रुपेरी, अंगावर उभे काळे पट्टे आणि पांढरे ठिपके. नर कोण, मादी कोण, बघून कळत नाही. दिवसभर एका जागी तरंगतात, कोलंबीचा तुकडा पडला की तेवढे हलतात.

एकदा त्यातल्या एकाने खाणं सोडलं, जबडा सुजला. सुनेने त्याला जाळीने पकडून बादलीत औषधाच्या पाण्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सूज गेली, मासा खायला लागला. औषध लागू पडलं, असं आम्ही धरून चाललो.

काही दिवसांनी परत तेच. या वेळी सून कंटाळली होती. "आई, आता हा मेला तर टाकीच काढून टाकते. लोक हसतात तेवढं पुरे." आणि जाळी घेऊन आली.

शेजारीण दारात उभी होती. म्हणाली, "आज एकादशी आहे. उपास असेल त्याचा."

"बौद्धाच्या घरातला मासा एकादशी कशाला धरेल?" मी म्हटलं. "धरलाच तर पौर्णिमेचा उपोसथ धरेल."

त्या दोघी हसत होत्या, मी काचेला डोळा लावून होते. माशाने आ केला आणि तोंडातलं काहीतरी उलटंपालटं केलं. नारिंगी मण्यांचा गच्च घोस.

"जाळी ठेव खाली. याच्या तोंडात अंडी आहेत."

हे मासे ज्याच्याकडून आणले, त्या उल्हासनगरच्या मासेवाल्याला सुनेने फोन लावला. तो सिंधी माणूस ओरडलाच, "अरे भाभी, वो बाप है! बच्चे निकलने तक कुछ नहीं खाएगा. पकडोगी तो डर के निगल जाएगा."

सून खाली बसली. मागच्या वेळची सूज कुठे गेली, ते तिला आता कळलं.

"रडून ती गिळलेली अंडी परत येणार नाहीत," मी म्हटलं. "ही आहेत ती सांभाळ."

मग वाट बघणं. मादी खायची, बाप नाही. तो वाळत गेला, डोकं तेवढं मोठं दिसायला लागलं. असा बाप मी माणसांत पाहिला नाही. माझ्या नवऱ्याने पोरं कडेवर घेतली ती फोटोपुरती.

मासेवाला म्हणाला होता की पिल्लं बाहेर पडली की मोठे मासेच ती गिळतात. समुद्रात काट्यांच्या चेंडूसारखा एक जीव असतो, त्याच्या काट्यांत पिल्लं लपतात. सुनेने नवा कोरा प्लॅस्टिकचा खराटा आणून मोडला आणि त्याच्या काड्या टाकीच्या कोपऱ्यात उभ्या रोवल्या. शेजारीण म्हणाली, "आता मासे केर काढणार वाटतं."

एका सकाळी चहा ठेवायला उठले, तर त्या काड्यांत गव्हाच्या दाण्याएवढी पिल्लं. पट्टे, ठिपके, सगळं जागच्या जागी. सून मोजायला लागली, चुकली, परत मोजायला लागली.

"काही मरतील," मी म्हटलं.

"मरू देत, आई. बाकीची आहेत ना." त्यांच्यासाठी तिने बाटलीत बारीक किडे आधीच वाढवून ठेवले होते.

पिल्लं मोठी होताहेत. टाकी काढायचं ती आता बोलत नाही. काल टेप घेऊन माझ्या पलंगाजवळची भिंत मापत होती, दुसरी टाकी तिथे बसेल का म्हणून. मी पलंग थोडा सरकवून दिला.