पोरगी वारं मोजायला गेली

वर्ध्याहून कोणत्याही बाजूनं निघा, समुद्र दिसायचा तर गाडीत बसून बसून कंबर मोडते. मी तर तोवर समुद्र पाहिलाही नव्हता. आणि माझ्या पोटची पोर एक दिवस म्हणते कशी, "आई, मले समुद्राकाठी नोकरी लागली. वादळाचं वारं मोजाची."

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. पोरगी नागपूरला गणितात एम. एस्सी. झालेली. पूर्वेच्या किनाऱ्यावर कुठलीशी सरकारी कचेरी होती, तिथं हे काम. आता तुम्ही म्हणाल, वारं मोजायला यंत्र असतं की! मीही तेच म्हटलं. ती हसली.

"मोठ्या वादळात यंत्रच उडून जाते, आई. मंग जे मोडलं, जे वाकलं, त्याच्यावरून हिशेब काढा लागते. जुन्या वादळांचाही काढा लागते. तवा सांगता येते का एका घराच्या जन्मात जास्तीत जास्त केवढं वारं येऊ शकते. घर तेवढं घट्ट बांधाचं."

मला पटलं. पण मला पटून काय उपयोग? आमचं घर पिपरी मेघेला, तीन खोल्या, वर टिनं. घरात शब्द चालायचा भासऱ्यांचा, म्हणजे आमच्या ह्यांच्या मोठ्या भावाचा. सासरे लवकर गेले, ह्यांना भासऱ्यांनीच वाढवलं, शिकवलं. म्हणून हे त्यांच्यापुढं मान वर करत नसत. आणि मी? आमच्याकडं धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यांसमोर यायचं नाही, बोलायचं तर मुळीच नाही. सांगायचंच असलं तर डोक्यावर पदर घेऊन दाराआडून, मधे एखादं लेकरू धरून. "सांग मोठ्या बाबाले, ताट वाढलं." लेकरू जवळ नसलं तर भिंतीला सांगायचं. मी इतकी वर्षं भिंतीशी बोलले, बरं का.

भासऱ्यांनी पहिल्याच दिवशी पोरीला विचारलं, "वारा म्हंजे का कापूस हाय, काट्यावर तोलाले?"

"अंदाज काढाचा असते, मोठे बाबा."

"अंदाज! म्हंजे पक्कं काहीच नाई?"

"पक्कं असतं तर मले कायले बोलावलं असतं?"

मी दाराआड पदर तोंडात कोंबला. पण हसण्यासारखं काही नव्हतं. देवळीचं एक स्थळ आलं होतं, आणि त्यांना नोकरी करणारी सून नको होती. भासरे त्यांना होकार कळवायला निघाले होते. एकदा होकार गेला की पोरीचा समुद्र संपला.

त्यातच उन्हाळ्यातलं वावधन आलं, आमच्याकडचं धूळ उडवत येणारं वादळ. आमची टिनं नुसती ठेवलेली, वर धोंडे. साऱ्या पिपरीत तसंच. पोरगी कितीदा म्हणाली होती, "मोठे बाबा, वारं टिनाले दाबत नाई, वर ओढते. धोंड्यानं नाई भागत. तारेनं खाली भिंतीत बांधा लागते." त्यावर भासऱ्यांनी आणखी दोन धोंडे चढवले. "हे घे. आता उडव म्हना वाऱ्याले."

उडवलं की. दुपारी स्वयंपाकघरावरचं टिन सुपासारखं वर झालं, धोंडा घरंगळला आणि निंबाखालच्या खाटेवर आदळला. खाट भासऱ्यांची. ते पाणी प्यायला उठले होते म्हणून वाचले.

दुसऱ्या दिवशी पोरीनं माझ्या शिवणकामाचा टेप घेतला आणि मला चौकात नेलं. एका दुकानाच्या पाटीचा लोखंडी खांब वाकला होता. तिनं पाटी मोजली, खांब मोजला, त्याची जाडी पाहिली. टेपचं दुसरं टोक मी धरलं. शेजारीण ओरडली, "काऊन वैनी, सकाळी सकाळी का मोजून राह्यल्या?"

"कालचं वारं!" मी म्हटलं.

पलीकडचा जाड खांब मात्र सरळ उभा होता. पोरीनं तोही मोजला. "हा वाकला, म्हंजे वारं कमीत कमी एवढं होतं. तो नाई वाकला, म्हंजे तेवढ्याच्या खाली होतं. खरं वारं या दोघांच्या मधात." एवढं सोपं! मला वाटलं, हे काम या पोरीपासून कोणी हिसकावायचं नाही.

पण भासऱ्यांचं डोकं उलटंच चाललं. संध्याकाळी ओसरीवर बसून म्हणाले, "घरच्या वाऱ्यानं माह्या खाटेचं हे केलं. समुद्रावरचं काय करन? पोरगी जात नाई. उद्या मी देवळीले जातो."

हे खाली पाहत बसले. मी दाराआडून पोरीला म्हटलं, "बाई, सांग तुह्या मोठ्या बाबाले—"

"दाराआडच्या बोलन्याले मी जवाब देत नाई," भासरे म्हणाले.

मग मी बाहेर आले. पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडं. त्यांच्या समोर उभी राहिले.

"तिकडं समुद्राकाठीबी माह्यासारख्याच बाया टिनाखाली सैपाक करून राह्यल्या. त्याईच्या टिनावर किती वारं येईन हे कोनी तरी सांगा लागन का नाई? ते माही पोरगी सांगन. तुमी देवळीले जा, नाई तर काशीले जा. पोरगी तिकडंच जाईन."

"अन् लगन?"

"ज्या घराले तिचं काम चालन, त्या घरात करू."

भासऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझा चेहरा त्यांनी तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिला असेल. मग वळले ह्यांच्याकडं. "तू सांग. तुही बायको बोलून राह्यली."

ह्यांनी मान वर केली. मग म्हणाले, "दादा, मी गाडीची चौकशी करून आलो."

बाप्पा! ते मलाही माहीत नव्हतं.

ती गेली त्या दिवशी भासरे खोलीतून बाहेर आले नाहीत. पोरीनं दाराबाहेरूनच नमस्कार केला. आम्ही सायकलरिक्षानं स्टेशनवर गेलो, ट्रंक ह्यांनी उचलली. दक्षिणेची गाडी आली. पोरगी खिडकीतून म्हणाली, "आई, रडू नको."

"रडतं कोन? डोयात धूळ गेली. तू पोचल्यावर पत्र टाकजो."

घरी आलो तेव्हा भासरे ओसरीत उभे होते. ह्यांना टाळून सरळ मला म्हणाले, "कोनाले इचारून धाडली पोरगी?"

"पोरीले," मी म्हटलं, आणि स्टोव्ह पेटवायला आत गेले.