कैलाशचा ‘ऑल ओके’

फौजेत असताना आमची पोस्ट बर्फात होती. मी आणि हवालदार कैलाश, बडी-पेअर. म्हणजे एकाच तंबूत झोपायचं, एकमेकांची बोटं-नाक थंडीनं काळी पडली नाहीत ना, ते तपासायचं आणि दर तासाला रेडिओवर खाली कळवायचं, "ऑल ओके, ओव्हर." ओके नसेल तर "नॉट ओके" म्हणायचं, त्यात लाज नाही. खोटा रिपोर्ट मात्र आमच्यात सगळ्यात मोठा गुन्हा. सिगरेटही आम्ही तिथेच शिकलो.

रिटायर होऊन मी इंदूरला राजेंद्र नगरात आलो, तो जवळच सांवेरला शेतीवर. दोघांचंही बिनसलं. मला सकाळी उठावंसं वाटेना, जेवणाची चव गेली, सिगरेट तेवढी वाढली. फोनवर त्याचंही तेच रडगाणं निघालं. शेवटी मीच त्याला ओढून डॉक्टरबाईंकडे नेला. म्हटलं, "मॅडम, आधी मन ठिकाणावर आणा, सिगरेटचं मग बघू."

"दोन्ही एकदमच," त्या म्हणाल्या. "सिगरेटनं जी बेचैनी शांत होते ना, ती बरीचशी सिगरेटनंच लावलेली असते. सुरुवातीला चिडचिड होईल, मन आणखी खचेल. तेव्हा मला सांगा, लपवू नका. आणि उदासीवरच्या या गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत."

बाहेर आल्यावर कैलाशने हात पुढे केला. "भिया, फिर से बडी-पेअर. रोज सुबह रिपोर्ट."

"झूठी नहीं चलेगी."

"कसम से."

पहिले काही आठवडे फार वाईट गेले. मी बायकोवर उगाच ओरडायचो. निकोटिनचं च्युइंगम चघळून जबडा दुखायचा. पण रोज सकाळी फोन वाजायचा, "ऑल ओके, भिया. आपका?" मला वाटायचं, हा पठ्ठ्या निभावतोय, मग मलाच काय धाड भरलीय? त्याच्या जोरावर मी तगलो. हळूहळू पोह्यांना चव आली.

एका सकाळी फोन आला नाही. मी लावला, तो त्याच्या बायकोने उचलला. विहिरीवर मोटर चालू करायला गेला होता, तिथेच हार्ट अटॅक.

मी सांवेरला पोचलो तेव्हा अंगणात माणसं बसली होती. वहिनी म्हणाल्या, "भैयाजी, सिगरेट तो उन्होंने छोड़ी ही नहीं थी. गोलियां भी कब की बंद. कहते थे, उसको मत बताना, वो मेरे भरोसे टिका है."

मला रडू आलं नाही, संताप आला. अरे, दगा दिलास तू मला! असा भरवसा मी मागितला होता का? घरातल्या सगळ्यांना ठाऊक, आणि तुझ्या बडीला नाही? एकदा "नॉट ओके" म्हणाला असतास, तर तसाच स्कूटर काढून आलो असतो. चिता पेटली तरी माझा राग उतरला नव्हता. अजूनही पुरता उतरलेला नाही.

माझी सिगरेट सुटली आहे. गोळी चालू आहे. परवा मॅडमनी विचारलं, "कसं वाटतंय?"

जिभेवर ‘ऑल ओके’ आलंच होतं.

"नॉट ओके," मी म्हणालो. "कैलाशची आठवण येते. सिगरेटचीही येते."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, "बोला."

एवढंच करायचं होतं रे, कैलाश.