काकांच्या नावापुढचा शब्द

त्या गुरुवारी सकाळी बाबांचा फोन वाजला तेव्हा मी अभ्यासाला बसलो होतो. इथल्या सौदीतल्याच, रास अल खैरच्या कामगार कॅम्पमधून, काकांच्या खोलीतल्या सोबत्याचा फोन होता. काका झोपेतून उठलेच नव्हते... बाबा नुसते "हां, हां" म्हणत राहिले. काकांना गावी न्यायच्या कागदपत्रांतच तीन आठवडे गेले. आता थोडं लिहिता येईल असं वाटतं.

काका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. पाइप फिटर, अविवाहित. दर शुक्रवारी आमच्याकडे कतीफला जेवायला यायचे. दोन वर्षांपूर्वी आमच्या आडनावाच्या कुलमंडळाचा कुलवृत्तांत त्यांच्या हाती आला. त्यात आमच्या खापरपणजोबांच्या नावापुढे 'गाव सोडले, पुढील माहिती नाही' एवढंच होतं. म्हणजे मंडळाच्या लेखी आम्ही नव्हतोच. काकांना ते फार लागलं. वर्षाची सुट्टी मिळाली, तेव्हा गावी चारच दिवस राहून ते नाशिकला गेले आणि तीर्थोपाध्यायांच्या जुन्या वह्या चाळत बसले. अखेर सापडलं. वडिलांच्या, म्हणजे खापरपणजोबांच्या, अस्थी घेऊन आलेल्या पणजोबांनी त्यांचं नाव, गाव सांगून खाली अंगठा उठवला होता. त्या पानाचा फोटो काका इकाम्यासारखा, इथल्या रहिवासी परवान्यासारखा जपायचे. "एकदा मंडळात नावं चढली की खलास, झालं काम," म्हणायचे. आई चिडवायची, "भाऊजी, मेलेली माणसं बरी सापडतात तुम्हाला. बायको तेवढी नाही सापडली!" "सुमन, पूर्वज नकार देत नाहीत गो," काका म्हणायचे.

घरात कॉलेजला गेलेला मीच पहिला, म्हणून मंडळाचा अर्ज मी टाइप केला. खरं तर मला मराठी लिहायला काकांनीच शिकवलं, शुक्रवारच्या जेवणानंतर. कुलवृत्तांताच्या जुन्या पानांत मूलबाळ नसलेल्यांच्या नावापुढे 'निर्वंश' असं छापलेलं होतं. पद्धत म्हणून मीही काकांच्या नावापुढे तोच शब्द टाकला. अर्थ माहीत नव्हता असं म्हणणं खोटं होईल... तो माणसाला लागतो हे माहीत नव्हतं. काकांनी स्क्रीनवर बोट ठेवून वाचलं. "बरोबर आहे की, कॉलेजवाले," ते हसले. "पाठव." त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला नाही. पुढच्या शुक्रवारी माफी मागायची असं मी ठरवलं होतं. त्याआधीच तो गुरुवार आला.

गेल्या आठवड्यात कॅम्पमधून त्यांची बॅग आली. आत ड्रॉइंगच्या कागदावर त्यांनी काढलेली आमची वंशावळ होती, अगदी पाइपलाइनसारखी. काही नावांपुढे छोटा अर्धगोल होता. बाबा वर्कशॉपमध्ये काम करतात, त्यांना ते लगेच कळलं. "ही कॅप. इथे लाइन बंद." काकांच्या नावापुढे मात्र अर्धगोल नव्हता, एक आखूड उभी रेघ होती. बाबांनी कागद जवळ घेतला. "हा फ्लँज. पुढचा पाइप जोडायचा असला की दादा असं टोक ठेवायचा."

कदाचित काकांनी ते सहजच काढलं असेल. मला ठरवता येत नाही.

आमची शाखा मंडळाने मान्य केली होती आणि पुस्तक छपाईला जायचं होतं. मी चिटणिसांना फोन करून तो शब्द काढायला सांगितलं.

"अहो, पण त्यांचं लग्न झालं नव्हतं ना? मग यात चूक काय?"

"चूक माझी आहे," मी म्हणालो.

"बरं, काढतो," चिटणीस म्हणाले. "मग तिथे काय लिहू?"



"काही नको," मी म्हणालो. "जागा मोकळी ठेवा."