शुक्रवारी चालू राहिलेला कारखाना

सन २०१८. माझं वय सत्तावन्न, शिक्षण सातवी. शिपाई म्हणून लागलो आणि सहायक फौजदार झालो, तो माणसं ओळखण्याच्या जोरावर. निदान मी तरी तसं समजत होतो. त्या शुक्रवारची घटना अजून मनातून जात नाही.

बोईसरच्या एका केमिकल कारखान्यातून दुपारी फोन आला. गरम माल उसळून एक कामगार भाजला होता. मॅनेजर म्हणाला, "ऑपरेटरनेच माल थंड ठेवणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला. कालच रजेवरून माझ्याशी भांडला." ऑपरेटर नवापूरचा, मच्छीमाराच्या घरातला. पाळी संपवून घरी गेला होता, तिथून उचलून ठाण्यात बसवला.

"सायेब, मी हात नाय लावला. व्हॉल्व्ह आपोआप बंद झाला. उघडायला धावलो, तवर माल उसळला."

"आपोआप? मग भुताचा जबाब घेऊ का?"

हवालदार हसले. तो हसला नाही. "घ्या. पण आधी कंप्युटर बघा."

मला राग आला. अटकेचे कागद करायला सांगून मी पंचनाम्याला कारखान्यात गेलो. तिथे कंट्रोल रूमच्या टेक्निशियन बाईंनी स्क्रीनवरची नोंद दाखवली. व्हॉल्व्ह बंद करायचा हुकूम इंटरनेटवरून, कारखान्याबाहेरून आला होता.

"बाहेरून कोण आला? गेटवर नोंद कुठंय?" मी विचारलं.

मॅनेजर चाचरला. "ही यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीचा इंजिनियर. पुण्यात बसून दुरुस्ती करतो. इंटरनेटची लाइन रोज चालू-बंद कोण करणार? चालूच ठेवतो."

तिथूनच इंजिनियरला फोन लावला. तो म्हणाला, "शुक्रवारी तुमच्या एमआयडीसीला सुट्टी ना? बंद प्लांटवर नवा प्रोग्राम तपासत होतो."

ऑर्डरच्या घाईत त्या शुक्रवारी कारखाना चालू होता. हे त्याला कोणी कळवलं नव्हतं, आणि त्यानेही विचारलं नव्हतं.

मी ती इंटरनेटची तार माझ्यासमोर काढायला लावली. "तो आधी फोन करील, तुमचा माणूस समोर बसेल, तेव्हाच लावायची. काम झालं की काढायची. आणि गेटच्या वहीत त्याचं नाव लिहायचं." निष्काळजीपणाचा गुन्हा मॅनेजर आणि इंजिनियर दोघांवर लागला.

संध्याकाळी ऑपरेटरला सोडला. जाताना म्हणाला, "गावात काय सांगू, सायेब? तुमी नेलात ते सगळ्यांनी बघितलंय."

अडतीस वर्षं मी एकच विचारत आलो, खोलीत कोण होतं? खोलीत नसलेल्याचा हातही आत पोचतो, हे त्या दिवशी कळलं. खरं बोलणाऱ्याची मी थट्टा केली, हे मात्र कंप्युटरच्या माथी मारता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्दी चढवून नवापूरला गेलो. बाया मासळी वाळत घालत होत्या. त्यांच्यातच बसलेल्या ऑपरेटरच्या आईला म्हटलं, "तुमचा मुलगा निर्दोष आहे. चूक माझी."

तिने मान वर केली नाही. "मला म्हायती हाय, सायेब. त्यांना सांग. मोठ्यानं."

मी वळलो आणि मोठ्यानं सांगितलं.