तक्रार नसलेल्यांची यादी

कर्णिकताईंना "झालं" हा शब्द सोसत नसे. पनवेलच्या आमच्या गाळ्यात आम्ही कृत्रिम पाय बनवायचो. तिथे कुणी "झालं, ताई" म्हटलं की त्या हातातलं काम टाकून यायच्या. "झालं म्हणजे काय झालं?" विचारायच्या आणि उत्तर पुरं व्हायच्या आत स्वतःच तपासायला लागायच्या. कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेल्या, करंजाड्याहून स्कूटरवर येणाऱ्या. मी तिथली नवी इंजिनियर. पहिल्या आठवड्यातच मला त्यांची धास्ती बसली.

पेशंटचा उरलेला पाय आम्ही स्कॅन करायचो. पडद्यावर तो लाखो बारीक त्रिकोणांच्या जाळीत उमटे. त्यावरून कृत्रिम पायाची खोबण कोरणाऱ्या आमच्या जुन्या मशीनला एवढी जाळी झेपत नसे, म्हणून आकार न बिघडवता त्रिकोण कमी करावे लागत. कुठले काढले तर एकूण चूक कमीत कमी राहील, हे शोधणारा प्रोग्रॅम ताईंनीच लिहिला होता.

मी एकटीने केलेला पहिला पाय सुमन वाघेचा. नेऱ्याच्या वरच्या वाडीतली, वीटभट्टीवर राबणारी बाई. ट्रकखाली सापडून तिचा पाय गुडघ्याखाली गेला होता. दोन लाख त्रिकोणांचे मी चार हजार केले. सरासरी चूक अर्ध्या मिलिमीटरहून कमी! ताईंनी सही केली आणि सुमन नव्या पायावर चालत घरी गेली.

नंतर तीन आठवडे तिचा फोन नाही. बरं चाललं असेल, असं मी धरून चालले. ताईंना मात्र चैन पडेना. "फोन का नाही गं तिचा?" दिवसातून चारदा विचारायच्या. शेवटी एका सकाळी त्यांनी हेल्मेट माझ्या हातात कोंबलं. "चल, नेऱ्याला."

सुमन कुबडी शेजारी टाकून तांदूळ निवडत बसली होती. नवा पाय भिंतीला टांगलेला, प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून.

"चांगला हाय, ताई. काय नाय दुखत."

"मग घातला का नाहीस?"

"खराब होईल म्हणून ठेवलाय."

तिच्या गुडघ्याखाली कापड गुंडाळलेलं होतं. ताई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "कापड काढ."

नडगीच्या कडेला चिघळलेली जखम होती.

"अगं, एवढं झालं आणि बोलली नाहीस?"

सुमनने मान खाली घातली. "तुमी फुकट दिलात. फुकटच्याला नावं कशी ठेवायची?"

तिथे हाडाचं एक बारीक टोक होतं. प्रोग्रॅमने ते किरकोळ समजून सपाट केलं होतं आणि सरासरीत ते कुठे दिसलंच नव्हतं. "माझं चुकलं," मी कशीबशी म्हणाले.

"सही माझी आहे," ताई म्हणाल्या. "आणि कुठली चूक दुखते, हे मी प्रोग्रॅमला कधी सांगितलंच नाही."

त्यांनी सुमनचा उरलेला पाय मांडीवर घेतला आणि अंगठ्याने दाबत गेल्या. "इथे? आणि इथे?" सुमन दचकली की तिथे पेनाने ठिपका. असे वीसेक विखुरलेले ठिपके आम्ही मोजून आणले. त्या जागच्या चुकीला शंभरपट वजन देऊन ताईंनी पृष्ठभाग नव्याने बसवला. त्रिकोण तेवढेच राहिले, पण आता ते हाडाभोवती दाटले होते. जखम भरल्यावर सुमनला दुसरा पाय दिला. ती पुन्हा भट्टीवर जाऊ लागली.

ताई काही थांबल्या नाहीत. "ज्यांची तक्रार नाही, त्यांची नावं काढ," म्हणाल्या. पार उरणपर्यंत आम्ही स्कूटरवर घरं पालथी घातली. बहुतेक ठिकाणी तेच "चांगला हाय", आणि ताईंचं तेच "कापड काढ". नऊ घरांत पाय टांगलेले सापडले. परतीच्या वाटेवर त्या एकदाच म्हणाल्या, "दोन वर्षं मी पडद्यावरचा आकडा बघून खूश होत होते गं."

हृदयाच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. ताईंनी ती घेतली नाही. यादीतली दोन घरं राहिली असताना एका सकाळी त्या आल्याच नाहीत. दुपारी त्यांच्या शेजाऱ्यांचा फोन आला. ती दोन घरं मी एकटीने केली.

महिन्याभराने सुमन गाळ्यात आली. ताई गेल्याची बातमी तिला बसस्टँडवर कळली होती. ती माझ्यासमोर खुर्चीत बसली. मग तिने पाय सोडवून माझ्या टेबलावर ठेवला.

"हा पट्टा लय घट्ट हाय. मला असा नाय चालणार. नीट करून द्या, मी बसते हितंच."