मागून दिसणारे भावजी

माझे धाकटे दीर शाळेची बस चालवतात. ड्रायव्हरचं तोंड रस्त्याकडे असतं, तेव्हा मुलांना वर्षभर दिसतं ते त्याचं मागचं डोकं. भावजींच्या डोक्यामागे या कानापासून त्या कानापर्यंत एक पांढरा व्रण आहे. पस्तिशीत पुढचं टक्कल झाकायला त्यांनी केसांचं रोपण करून घेतलं होतं. मागच्या कातडीची पट्टी कापून तिच्यातले केस पुढे लावले आणि मागे टाके घातले. लग्न जमावं म्हणून केलं. लग्न काही जमलं नाही, व्रण तेवढा राहिला. मागचे केस वाढवून त्यांनी तो वीसेक वर्षं झाकला. पण केस विरळ झाले तसा तो डोकावू लागला आणि मुलांनी त्यांचं नाव 'चेनकाका' ठेवलं.

"चेन उघडली की मेंदू दिसतो म्हणे," भावजी मला हसत सांगायचे. हसू ओठांवरच असायचं.

मुलांचं त्यांनी मनावर घेतलं नसतं. पण बस लावली की ते रोज कोपऱ्यावरच्या सुया-दोऱ्यांच्या दुकानात जाऊ लागले होते. सुईत दोरा ओवता न येणारा माणूस घरात डझनांनी बटणं आणू लागला, तेव्हा मी विचारलं. दुकान चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, एकट्या, बोलायला फटकळ. भावजींना त्यांना लग्नाचं विचारायचं होतं. मात्र आधी व्रण झाकायचा होता. तोवर दुकानातून निघताना ते उलट्या पावली बाहेर येत.

"पुढून रुबाबदार आणि मागून उसवलेला," ते म्हणाले. "फसवल्यासारखं वाटेल हो त्यांना, वहिनी."

मग झाकून विचारणं म्हणजे काय, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी गिळलं.

औषधांच्या दुकानावरच्या खोलीत एक मुलगी बारीक सुईने डोक्यावर रंगाचे ठिपके उमटवते. बारीक कापलेल्या केसांची खुंटं वाटावीत इतके ते नाजूक. भावजींना सुईची भीती, म्हणून सोबतीला मी. तिने मशीनने त्यांचे केस अगदी कातडीलगत कापले आणि बोटाने व्रण चाचपला.

"काका, व्रणाची कातडी हट्टी असते. कुठे रंग पसरतो, कुठे धरतच नाही. आज आठ-दहा ठिपकेच टाकते, महिन्याने बघू. तोवर डोक्याला काही लावायचं नाही. केसांचा रंग तुमचाच ना?"

"माझाच," भावजी म्हणाले.

मी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांची कलपाची वाटी मीच कितीदा घासली होती.

महिनाभर ते टोपी घालून हिंडले. दुकानाकडे फिरकले नाहीत. पुन्हा गेलो तेव्हा त्या मुलीने वाढलेले केस कापले आणि ती थबकली. सगळी खुंटं पांढरी, आणि त्यांच्यात तिचे ठिपके खसखशीत सांडलेल्या मोहरीसारखे काळे.

"डॉक्टरपासून आणि माझ्यापासून लपवू नये, काका," ती म्हणाली. रागावली नव्हती. "सगळे ठिपके घातले असते तर जिथे झाकायचं तिथेच काळी रेघ उठली असती. आता तुम्हीच ठरवा. काळाच हवा तर जन्मभर कलप चुकवायचा नाही. नाहीतर पिकल्या केसांना जुळणारा राखाडी घालते, हे चार काळे त्यात मिसळून जातील."

"विचार करून सांगतो," भावजी म्हणाले.

जिना उतरल्यावर ते घराकडे वळले नाहीत. थेट दुकानात शिरले. मी मागोमाग जाऊन दारात थांबले. बाई दोऱ्याची रिळं लावत होत्या.

"आलात का? संपली वाटतं बटणं," त्या वर न बघता म्हणाल्या.

भावजींनी टोपी काढली आणि त्यांच्याकडे पाठ केली.

"हे असं आहे," ते म्हणाले. "पुढचे केस मागून आणलेले. काळे दिसत होते ते कलपाने. आणि वय अठ्ठावन्न. पंचावन्न सांगितलं ते खोटं."

बाई गल्ल्यामागून बाहेर आल्या. चष्मा लावला आणि गिऱ्हाइकाने आणलेली शिवण बघावी तसं नीट पाहिलं.

"टाके कोणी घातले हे? शिकाऊ पोरीही याहून बरे घालतात."

भावजींचे कान लाल झाले. "झाकून घेणार आहे. मग विचारणार होतो."

"काय विचारणार होतात?"

भावजींनी टोपी पुन्हा डोक्याकडे नेली.

"इकडे वळा आधी," बाई म्हणाल्या. "पाठीला काय उत्तर देऊ मी?"

ते वळले. मी पलीकडच्या दुकानातल्या छत्र्या बघायला निघून गेले, आणि गरज नसताना एक घेतलीसुद्धा.

पुढे ठिपके राखाडीच घातले, दोन-तीन बैठकांत. छटा बाईंनी निवडली. आता भावजींचं डोकं मागून साधं, वयाला शोभेल असं दिसतं. बोट फिरवलं तर व्रण लागतो, नजरेला लागत नाही. शेवटच्या बैठकीला त्या मुलीने बजावलं, की काही वर्षांनी रंग फिका पडेल, तेव्हा पुन्हा यावं लागेल.

"मागचं तुम्हाला दिसायचं नाही, काका. लक्ष ठेवा."

"मी कशाला ठेवू?" भावजी म्हणाले आणि बाकावर बसलेल्या माझ्या नव्या जावेकडे त्यांनी बोट दाखवलं.