व्याख्यानाचं निमंत्रण

आमच्या वाचनालयातला कारकून मोबाइलवर एका बोटाने मेसेज लिहितो आणि पाठवण्याआधी स्वतःलाच मोठ्याने वाचून दाखवतो. गेल्या व्याख्यानाला वक्ता रिकाम्या खुर्च्यांशी बोलून गेला होता. या वेळीही तसंच झालं तर व्याख्यानं बंद, असं अध्यक्षांनी त्याला बजावलं. मेसेजचा मजकूरही त्यांनीच लिहून दिला. त्यात अर्ध्या भागात पाहुण्यांच्या पदव्या होत्या, उरलेल्यात अध्यक्षांच्या.

कारकुनाने तो वाचला आणि मला विचारलं, "ह्यात व्याख्यान खंय आसा?"

मग सगळं पुसून तो प्रत्येक सभासदाला स्वतंत्र लिहू लागला: "शनवारी सांजेक व्याख्यान आसा, दर्यातल्या वादळांवर. तुमची खुर्ची राखून ठेवतंय. येतास मां?"

"सगळ्यांका एकदमच धाड मां रे," मी म्हणालो.

"सगळ्यांका इचारला तर कोणच उत्तर देणा नाय."

शनिवारी सभागृह भरलं. अध्यक्षांनी भाषणात आपल्या निमंत्रणाच्या भाषेचं कौतुक केलं आणि टाळ्याही घेतल्या. कारकून मात्र दाराशी उभा राहून फोनवर काहीतरी लिहीत होता. मी डोकावून पाहिलं. येतो म्हणून न आलेल्या एका म्हाताऱ्या मास्तरांना तो विचारत होता, "बरे आसास मां?"